नाटकांसाठी दादर गाठताना

साताऱ्यात, रत्नागिरीत, नाशकात किंवा मडगावात राहणाऱ्या नाटकवेड्या माणसाची तक्रार ठरलेली असते. आमच्याकडे नाटकं येतात, पण ज्यांचा गवगवा झालाय तेवढीच, तीही दीड-दोन वर्षांनी. तोवर मुंबईच्या नातेवाइकांनी फोनवर शेवट सांगून टाकलेला असतो. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहे आणि तो फारसा महागही नाही. एक शनिवार-रविवार मोकळा काढा, नाटक बघायला आवडणारा एक मित्र किंवा मैत्रीण गाठा आणि दादरला उतरा.

दोन दिवसांत दोनच नाटकं बघा, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. तीन होतात, चारही होतात. शनिवारी दुपारी एक, रात्री एक, रविवारी सकाळी साडेदहाला एक आणि चारला एक, असा हिशेब करून येणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना परत गेल्यावर विचारलं, तर कुठल्या नाटकात कोण मेलं याचाही गोंधळ होतो. शिवाय सोबत आणलेल्या माणसाशी बोलणं होतं ते फक्त ‘चल, उशीर होतोय’ एवढंच. नाटकाइतकाच त्याच्यानंतरचा तास-दीड तास महत्त्वाचा असतो आणि तो मिळावा म्हणूनच तर कुणाला तरी बरोबर न्यायचं. अपवाद करायचाच, तर एखादी त्रिनाट्यधारा एका दिवसात होत असेल तेव्हा. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटकं १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने सलग सादर केली होती, जवळजवळ नऊ तास. असं काही पुन्हा कानावर आलं तर नियम बाजूला ठेवा आणि डबा घेऊन जा.

आधी नाटक ठरवायचं की तारीख? बहुतेक लोक आधी सुट्टी बघतात, गाडीची तिकिटं काढतात आणि मग त्या दिवशी काय आहे ते शोधतात. हा क्रम उलटा करा. निदान एक नाटक आधी ठरवा, त्याचा प्रयोग कुठल्या शनिवारी-रविवारी आहे ते बघा आणि दुसरं त्याच्या आसपास शोधा. त्यासाठी अजूनही सगळ्यात चांगली जागा म्हणजे शनिवार-रविवारच्या मराठी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान. मुंबई आवृत्तीचा ई-पेपर घरबसल्या बघता येतो. ‘शनि. दु. ४ दीनानाथ, रवि. रात्रौ ८ गडकरी’ अशा त्रोटक भाषेत पुढच्या आठ-दहा दिवसांचा सगळा कारभार तिथे असतो. दोन-तीन आठवडे ते पान नुसतं वाचत गेलात, तर कुठलं नाटक जोरात चाललंय, कुठलं दुपारच्या प्रयोगांवर तग धरून आहे, हे आपोआप कळायला लागतं. तिकिटं ‘बुक माय शो’ किंवा ‘तिकिटालय’वर काढता येतात. जाहिरातीतल्या विशेषणांकडे मात्र लक्ष देऊ नका. ‘शेवटचे काही प्रयोग’ हे शब्द वर्षभर छापून येत राहिल्याचं मी पाहिलं आहे.

शुभारंभाच्या प्रयोगाचा मोह आवरा. नव्या नाटकाच्या पहिल्या काही प्रयोगांत प्रकाश उशिरा पडतो, एखादा प्रवेश लांबतो, विनोदांची नटांना अजून खात्री नसते. दहा-पंधरा प्रयोगांनंतर नाटक अंगवळणी पडतं. लांबून यायचं तर तेव्हाचं बघावं. दुसऱ्या टोकाला, शेकडो प्रयोग झालेल्या नाटकाला जाताना त्या दिवशी मूळ संच आहे का, हे विचारून घ्या. मालिकांच्या चित्रीकरणामुळे नट बदलतात. रिप्लेसमेंटला आलेला नट कधीकधी मूळ नटापेक्षा ताजा वाटतो, पण ज्याच्यासाठी आपण तीनशे किलोमीटर आलो तोच नसेल, तर विरस होतो. आणि तिकीट काढलं म्हणजे प्रयोग झालाच असं समजू नका. प्रयोग पुढे ढकलले जातात, नाट्यगृहही बदलतं. निघायच्या आदल्या दिवशी जाहिरात पुन्हा एकदा बघा.

दोन नाटकं निवडताना ती एकमेकांपासून लांबची असू द्या. दोन्ही फार्स नकोत, दोन्ही घरातल्या मरणावरची नकोत. एक व्यावसायिक आणि एक प्रायोगिक, किंवा एक मराठी आणि एक हिंदी-इंग्रजी, असं असलं की बोलायला विषय मिळतो. त्यातही जड नाटक शनिवारी संध्याकाळी आणि हलकं रविवारी दुपारी, हा क्रम मला पटतो. जड नाटकानंतर रात्र मोकळी लागते. पडदा पडल्याबरोबर पिशव्या उचलून गाडीकडे पळायचं, हा त्या नाटकावर अन्याय आहे. विनोदी नाटकानंतर मात्र खुशाल पळावं.

आता सोबत कोण, हा खरा नाजूक मुद्दा. तुमच्या आवडीशी शंभर टक्के जुळणारा माणूस नको. दोघांनाही तेच आवडलं तर संभाषण पाच मिनिटांत संपतं. पण नाटक चालू असताना कानाशी कुजबुजणारा, दर दहा मिनिटांनी मोबाइलचा उजेड पाडणारा किंवा ‘मी आधीच सांगतो, मला हे आवडणार नाही’ असं म्हणून आत शिरणारा माणूस कितीही जिवलग असला तरी त्याला घेऊन महाबळेश्वरला जा. एक नाटक तुमच्या निवडीचं आणि एक त्याच्या, आणि दुसऱ्याच्या निवडीवर नकाराधिकार नाही, हा ठराव घरूनच करून निघा. त्यामुळे एरवी ज्या नाटकाकडे आपण ढुंकून पाहिलं नसतं, त्याच्या चौथ्या रांगेत आपण बसलेले असतो. मग नाटक आवडलं तर श्रेय त्याचं. नाही आवडलं तर वर्षभर चिडवायला निमित्त.

पैशांची बोलणी आधीच उरका. मराठी व्यावसायिक नाटकाचं चांगल्या जागेचं तिकीट बहुधा ३०० ते ५०० रुपयांच्या घरात असतं, बाल्कनीचं त्याहून कमी. म्हणजे दोन नाटकांचा खर्च राहण्याच्या खर्चापुढे किरकोळच, तेव्हा तिथे काटकसर करू नका. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय दिसतात. मधल्या भागातल्या पाचव्या ते बाराव्या रांगेपर्यंतच्या जागा मला सर्वांत चांगल्या वाटतात. चेहरेही दिसतात आणि सबंध रंगमंचही. एकाने सगळी तिकिटं काढावीत, दुसऱ्याने राहायची सोय करावी, हिशेब परतीच्या गाडीत.

दादरच का? तर मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचं ते एकत्र स्टेशन आहे, आणि मराठी नाटकांची तीन महत्त्वाची नाट्यगृहं त्याच्या हाताशी आहेत. शिवाजी मंदिर पश्चिमेला प्लाझा सिनेमासमोर, स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर. १९६५पासून मराठी व्यावसायिक नाटकाचं ते माहेरघर आहे. तिथे प्रयोग लागला म्हणजे नाटक मुंबईत पोचलं, असं अजूनही मानणारे निर्माते आहेत. प्रेक्षागृह वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा गुडघे दुखणारा सोबती असेल तर वर जाण्याची काय सोय आहे ते आधी विचारा आणि अर्धा तास हाताशी ठेवा.

दुसरं माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचं. इथे बाहेरगावचे लोक हमखास फसतात. माटुंगा नावाची दोन स्टेशनं आहेत. मध्य रेल्वेवरचं माटुंगा वेगळं, पश्चिम रेल्वेवरचं माटुंगा रोड वेगळं. तुम्हाला माटुंगा रोड हवं आणि तिथे जलद गाडी थांबत नाही, दादरहून धीमी पकडायची. तिसरं प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या संकुलात. दुरुस्तीनंतर २०२५मध्ये ते पुन्हा सुरू झालं. सिद्धिविनायकाच्या देवळापासून ते जवळ आहे, म्हणून मंगळवारी तिकडे जाताना गर्दीचा विचार करा. ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावणारी भुयारी मेट्रो दादर आणि सिद्धिविनायक या दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे हा प्रवास आता बराच सोपा झाला आहे.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही: दादरला रिक्षा नाही. मुंबई शहरात रिक्षांना मुभा नाही, त्या उपनगरांत, म्हणजे पश्चिमेला वांद्र्यापासून पुढे. दादर-प्रभादेवी-माटुंगा टप्प्यात टॅक्सी, बस, मेट्रो किंवा आपले पाय. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. तो साधारण सकाळी दहा-अकराला सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका चारच्या प्रयोगाला निघायच्या वेळेत. गाड्या कमी होतात, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. शनिवारीच ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा. नाटकाची तिसरी घंटा मेगाब्लॉकसाठी थांबत नाही.

दुसऱ्या नाटकासाठी दादर सोडायची तयारी असेल तर जुहूच्या पृथ्वी थिएटरला जा. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ते ५ नोव्हेंबर १९७८ला उघडलं. त्याचा पडदा ज्या नाटकाने उघडला ते हिंदी असलं तरी मूळचं आपलं होतं: गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. जेमतेम दोनशे प्रेक्षकांची जागा, तीन बाजूंनी लोक आणि मध्ये नट. शिवाजी मंदिरच्या बाराव्या रांगेत बसून ज्यांना नाटक बघायची सवय आहे, त्यांना इथे नटाचा श्वास ऐकू आला की आधी अवघडल्यासारखं होतं. शनिवारी शिवाजी मंदिर आणि रविवारी पृथ्वी, अशी जोडी जमली तर नट आवाज कसा वापरतो, हात किती हलवतो, इतकंच बोलायलाही एक संध्याकाळ अपुरी पडेल. पण पृथ्वीचे नियम कडक आहेत. प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, मग तुम्ही कोल्हापूरहून आलेले असा की कॅनडाहून. जागाही आधी येईल त्याला, म्हणून रांगेत वेळेवर उभं राहायचं. दादरहून पश्चिम रेल्वेने धीम्या गाडीने विलेपार्ल्याला किंवा जलद गाडीने अंधेरीला उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. जुहूच्या रस्त्यांवर रविवारी संध्याकाळी गर्दी असते. तासभर आधी पोचा आणि तिथल्या कॅफेत बसा. आजूबाजूला संहिता घेऊन वाद घालणारी तरुण मुलं दिसतील, त्यांचं बोलणं चोरून ऐकायला हरकत नाही. सोमवारी पृथ्वी बंद असतं, तेव्हा ‘सोमवारची रजा टाकून बघू’ हा बेत तिथे चालत नाही.

नरिमन पॉइंटचं एनसीपीए हा आणखी एक पर्याय. तिथलं टाटा थिएटर १९८०चं, फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुविशारदाने आखलेलं. शेजारच्या छोट्या एक्स्परिमेंटल थिएटरमध्ये मराठी नाटकंही होतात आणि ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्योत्सव तिथेच भरतो. उत्सवाच्या दिवसांत गेलात तर दादरकडे न वळताही सहल पूर्ण होईल. मेट्रोचं विधान भवन स्टेशन त्यातल्या त्यात जवळ.

राहायचं कुठे? डोंबिवलीची मावशी, बोरिवलीचा चुलतभाऊ, कुणी ना कुणी असतंच. त्यांच्याकडे उतरू नका, हे जरा कठोर वाटेल. पण साडेआठचं नाटक अकराला सुटणार, तिथून लोकलने घर गाठेपर्यंत साडेबारा, आणि मावशी जेवायची थांबलेली. तिच्याकडे रविवारी सकाळी नाश्त्याला जा, ती जास्त खूश होईल. दादर-माटुंगा परिसरात साधी लॉज आणि हॉटेलं आहेत. दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा, खोली आधी नोंदवा आणि नाटकाहून रात्री साडेअकराला परत येणार हे सांगून ठेवा. दारं लावून घेणाऱ्या जागा अजून आहेत. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर देशभरातून लोक येतात, दादर तेव्हा त्यांचं असतं. तो आठवडा टाळा. गणपतीचे दिवसही टाळा, रस्ते तुंबतात आणि प्रयोगही कमी होतात.

खाण्याच्या बाबतीत दादर उदार आहे. सेना भवनासमोरचं ‘आस्वाद’, पियुष आणि साबुदाणावड्यासाठी ‘प्रकाश’, मासे हवे असतील तर ‘सिंधुदुर्ग’ किंवा ‘गोमांतक’. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या बाजूला, ‘कॅफे मद्रास’ आणि १९४२पासून चालत आलेलं रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. केळीच्या पानावरचं तिथलं जेवण रविवारी दुपारी जेवलात आणि चारच्या नाटकाला बसलात, तर दुसऱ्या अंकापर्यंत जागं राहणं अवघड, एवढं लक्षात घ्या. नाटकाआधी अर्धपोटी राहावं. मध्यंतरात बटाटेवडा आहेच. शिवाजी मंदिरात गेल्यावर तो न खाता परतणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि सगळं नाट्यगृह एकाच वेळी तिकडे धावतं. म्हणून पहिला अंक संपायचा अंदाज आला की कडेच्या खुर्चीवर बसलेल्याने वड्याच्या रांगेत लागायचं आणि दुसऱ्याने चहाच्या. स्त्रियांच्या स्वच्छतागृहासमोरची रांग नेहमीच लांब असते. मैत्रिणींनी आधी तिकडे जावं, वडा नंतर.

आत वातानुकूलन कडक असतं, एक शाल किंवा पातळ स्वेटर पिशवीत हवाच. मोठ्या बॅगा लॉजवर ठेवून या, दोन खुर्च्यांच्या रांगांमध्ये त्यांना जागा नसते.

नाटक सुटलं की लगेच ‘कसं वाटलं?’ विचारू नका. जिन्यावरच्या गर्दीत दिलेलं मत बहुधा टाळ्यांच्या प्रभावाखालचं असतं, आणि एकदा तोंडातून गेलं की माणूस त्याला चिकटून राहतो. शिवाजी मंदिरमधून निघून शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत चालत जा. एवढ्या चालण्यात डोकं निवतं. मग कट्ट्यावर बसून कथानकापेक्षा लहान गोष्टींपासून सुरुवात करा. कुठली एंट्री लक्षात राहिली, कुठे खोकला यायला लागला, नेपथ्यातलं ते दार शेवटपर्यंत का उघडलं नाही. खोकल्याचा मुद्दा गमतीचा नाही. प्रेक्षागृहात खोकण्याचे आवाज वाढले की प्रयोग सैल झाला, हे नटांनाही ठाऊक असतं. मतभेद झाले तर उत्तम. जुन्या नाटकाचं पुनरुज्जीवन पाहणार असाल तर संहिता आधी वाचू नका, नंतर वाचा. रविवारी सकाळी छबिलदास गल्लीत ‘आयडियल’ हे पुस्तकांचं दुकान उघडं असेल तर तिथे ती मिळण्याचा संभव आहे. १९७४पासून ‘आविष्कार’ने ज्या छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली, ती शाळा याच गल्लीतली. मराठीतल्या कित्येक मोठ्या नावांनी आपली सुरुवातीची नाटकं तिथे खुर्च्या स्वतः मांडून केली, एवढं सोबत्याला सांगा. पाहण्यासारखं तिथे फार काही नाही, पण गल्लीतून जायला पाच मिनिटं पुरतात.

परतीचं तिकीट नाटकाच्या वेळेवरून काढा. चारचं नाटक साडेसहाच्या सुमारास सुटतं. पुण्याला जाणारी संध्याकाळची डेक्कन क्वीन तोवर गेलेली असते आणि नाशिककरांची पंचवटीही. पुणेकरांनी दादरहून शिवनेरी पकडावी, ती रात्री उशिरापर्यंत मिळते. कोल्हापूर-सांगली-मिरजकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, आठ-साडेआठच्या सुमारास दादरहूनच चढता येते, मध्ये जेवायलाही वेळ मिळतो. सगळ्यात नशीबवान रत्नागिरी-सिंधुदुर्गवाले: तुतारी एक्स्प्रेस दादरहूनच सुटते, तीही मध्यरात्रीनंतर, म्हणजे रविवारी रात्री आठचा प्रयोगही बघता येतो. फक्त आरक्षण करताना, रविवारची रात्र म्हणून रविवारची तारीख घालू नका. गाडी बारानंतर सुटते, तिकीट सोमवारच्या तारखेचं लागतं. कुठलीही गाडी असो, निघायच्या आठवड्यात तिची वेळ पुन्हा एकदा पडताळून बघा, आणि हे काम दोघांपैकी ज्याने नाटकाची तिकिटं काढली नाहीत त्याच्याकडे सोपवा.